चार वाजताची निवड

लातूर, ३ मे
नव्या नाटकासाठी पोरांची निवड सुरू. मंडळाचा हॉल, दु. ४. जिल्हा नवा झाल्यापासूनचा मंडळाचा पहिलाच मोठा प्रयोग. कलेक्टर येणार. नाटक माझं, टँकरच्या रांगेवर. मुख्य भूमिकेसाठी सात मुली. सातही एकाच सुरात रडल्या. एकीलाही घागर कडेवर धरता येईना. अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, "तालमीत शिकतील." काय शिकतील?

४ मे
साडेचारला एक मुलगी धापा टाकत आली. सुनंदा, बी.ए. पहिलं वर्ष. परकर गुडघ्यापर्यंत ओला. वकीलसाहेबांनी घड्याळ पाहून यादीतलं नाव खोडलं. दहा मि. उशीर झाला की नाव बाद, हा मंडळाचा नियम.
"सर, आमच्या वस्तीत टँकर चारलाच येतो. नंबर सोडला तर घरात पाणी न्हाई."
"शिस्त म्हणजे शिस्त, बाई."
टँकरच्या रांगेवरचं नाटक. रांगेतून आलेली मुलगी बाद. लाज कशी वाटत नाही! आणि मी पुढचं नाव पुकारलं.

५ मे
वकीलसाहेबांशी भांडलो. त्यांनी शांतपणे नियमांची वही पुढे केली. दहा मिनिटांचा नियम, खाली सही माझी. चारची वेळही माझीच. कॉलेज साडेतीनला सुटतं म्हणून.
"आता तुम्हीच मोडा, सर." वर चहा मागवला. मी घेतला नाही.
घरी माठ भरलेला. कोण भरतं, हिला विचारलं. "मी. सकाळी सातला टँकर येतो. तुम्ही तेव्हा पेपर वाचता."

७ मे
चारला संहिता घेऊन तिच्या वस्तीत गेलो. बायका हसल्या. "मास्तर, घागर कुठाय?" दुसरी म्हणाली, "त्यांना कशाला? पाण्याचं नाटक करायलेत ते."
सुनंदाला रांगेतच उतारा दिला. रांग सरकेल तशी पायानं घागर ढकलत वाचत होती. रडली नाही. मध्येच, "ओ मावशी, नंबर माझा हाय!" आणि परत त्याच वाक्यावर.
शेवटी म्हणाली, "सर, पाइप सुटल्यावर ही पोरगी इतकं बोलंल व्हय? तवा कुणाला सवड असती?"
अर्धं पान कापलं. चांगलं म्हणून जपलेलं पान.

९ मे
वकीलसाहेब यादी टाइप करून घेऊन आले. मुख्य भूमिका त्यांच्या पुतणीला. मी ते नाव खोडून सुनंदा लिहिलं. खाली, 'तालीम सायं. ६'. फळ्यावर टाचली.
"मंडळ की ही पोरगी, ठरवा," म्हणाले.
"ठरवलंय. खाली सही माझीच आहे."

१० मे
पावणेसहाला पोचलो. हॉलला कुलूप. किल्ली वकीलसाहेबांकडे. बाकी कुणी आलं नाही. सुनंदा आली, दोन मि. आधी. कडेवर रिकामी घागर.
"आज टँकर आलाच न्हाई, सर. आला की जावं लागंल. तवर घेऊ?"
पायरीवरच सुरू केलं. दुसऱ्या पानावर असताना लांबून हॉर्न. ती वाचायची थांबली. माझ्याकडे पाहिलं.
"जा," म्हणालो.
पानाचा कोपरा दुमडला. बसून आहे.