घसा

१२ जाने. १९८५
घाटकोपरच्या टेकडीवर सभा. दहा मिनिटांत आवाज गेला. ओठ हलतायत, बाहेर काही नाही. बबनने माइक घेतला. पहिल्या निवडणुकीपासून सोबत आहे, लगेच समजलं त्याला. लोकांना वाटलं साहेब गहिवरले. टाळ्या.

१६ जाने.
मुलुंडच्या डॉक्टरांनी घशातला तुकडा तपासणीला काढला. ‘सिगारेट?’ ‘नाही, सभा,’ घोगऱ्या आवाजात म्हटलं. हसले नाहीत.

२१ जाने.
कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल, तेही लगेच. जीव वाचेल बहुतेक. आवाज नाही.
रिक्षात कुसुम म्हणाली, ‘घरात तुम्ही तसेही कुठे बोलता.’ मग पदर डोळ्यांना. चार वेळा आमदार झालो, ही एकदाही सभेला आली नाही. मीही कधी बोलावलं नाही.

२३ जाने.
पक्षाच्या अध्यक्षांकडे. सगळं सांगितलं.
‘ऑपरेशन मतदानानंतर करा ना. आवाज गेलेल्याला मत कोण देणार? सध्या घसा बसलाय म्हणायचं. भाषणांना माणसं देतो.’
‘आणि नाही उभा राहिलो तर?’
मग तिकीट एका बिल्डरला, म्हणाले. त्याला टेकडी हवी आहे, झोपड्या उचलून मानखुर्दला टाकायच्यात. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.
डॉक्टरांना फोन केला. दोन महिने थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही, म्हणाले.

२५ जाने.
टेकडीवर गेलो. नळावर बायकांची रांग. मालवणची एक म्हातारी जवळ आली. ‘तुमी आसात म्हणान आमी हंय आसंव.’ मान हलवली फक्त.
उतरताना बबनला सांगितलं. दोन पायऱ्या पुढे उतरला. मग, ‘साहेब, उभे राहा. मी बोलेन ना तुमच्या वतीने.’ पुढे काही अंतरावर थांबला. ‘नको. वहिनींना काय तोंड दाखवू.’
दोन्ही वाक्यं खरी होती त्याची.

२९ जाने.
हॉस्पिटलात खाट मिळाली, परवा भरती व्हायचं. उमेदवारीच्या अर्जावर सही घ्यायला अध्यक्षांचा माणूस उद्या सकाळी येणार. कुसुमने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. दिवसभर विचारलं नाही. आता जेवताना,
‘काय ते तुमच्या तोंडून सांगा. आवाज आहे तोवर.’
घास गिळला. दुखलं. ती बघत होती.
‘कुसुम,’ म्हटलं, ‘उद्या सही करणार नाही. परवा जाऊ.’