निम्म्या भंगाराचं झाकण

बाबा, आज झाकण फुटलं नाही. हे ज्याला सांगावं असं घरात कोणी उरलेलं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आई ऐकते, मान हलवते, पण तिचा जीव अजून तिच्या रव्याच्या चाळणीत अडकलाय, ते पुढे सांगते. दादाला पुण्याला फोन केला, तर तो "बरं झालं" म्हणाला आणि जेवायला बसला. त्याचंही चूक नाही. झाकण न फुटणं ही केवढी गोष्ट आहे ते कळायला माणसाने अकोल्याच्या एमआयडीसीत, तुमच्या पत्र्याच्या शेडखाली, मोल्डिंग मशीनपुढे उन्हाळे काढलेले असावे लागतात.

तुम्ही भातकुलीकडची शेती भावांवर सोपवून प्लास्टिक वितळवायला निघालात, तेव्हा सगळ्या भावकीने नाक मुरडलं होतं. लग्नाकार्यात मोठे काका मुद्दाम चार माणसांत म्हणायचे, "आमचा धाकला भंगार दळते अन् झाकनं पाडते." तुम्ही चिडायचे नाही. "दळतो ना," म्हणायचे, "तुमी गहू दळता, मी प्लास्टिक दळतो. दोघायचंबी पोट भरते." फवारणी पंपाची झाकणं साच्यातून निघाली की त्यांच्यासोबत प्लास्टिकचे देठही निघतात. ते देठ आणि वाकडी निघालेली झाकणं तुम्ही ग्राइंडरमध्ये घालायचे, चुरा करायचे आणि नव्या प्लास्टिकच्या दाण्यात मिसळून पुन्हा मशीनला द्यायचे. वाया काही घालवायचं नाही, हा तुमचा हट्ट. पण त्या हट्टालाही तुम्हीच लगाम घातलेला होता. किलोभर मालात चुरा पावभर, त्याच्या वर चिमूटभरही नाही.

मी अमरावतीला कॉलेजात होते, सुटीत शेडवर आले होते. शेजारचे लोक निम्मा निम्मा चुरा घालतात, मग आपणच काहून मागे राहायचं, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही उठलात. भरपूर चुरा घातलेलं एक झाकण कुठूनसं आणलंत, पंपात पाणी भरलंत, झाकण आवळलंत आणि पंप माझ्या पाठीवर चढवलात. "जाय, फाटकापावतर जाऊन ये." मी निघते. उन्हात पत्रे तापलेले आहेत, मशीनवरची माणसं हात थांबवून बघतायत, आणि वाटेत पाठीशी कुठेतरी कट् असा आवाज होतो. परत येईपर्यंत माझा कुर्ता कंबरेपर्यंत चिंब. तुम्ही हसला नाहीत. "हे पानी हाये म्हनून तू उभी हायेस. शेतात यात औषध राहते. मानसाच्या पाठीवर सांडलं तर त्याले काय सांगशीन, मी चुरा वाचवला?" मला इतका राग आला होता की संध्याकाळी तुमच्याशी धड बोलले नाही. आता कोणी नवीन माणूस कामाला आला की पंप त्याच्याही पाठीवर चढतो.

तुम्ही गेल्यावर शेड मी चालवायला घेतली. दादाचं म्हणणं सरळ होतं: मशीन विकून टाकू, जागा गोदामाला देऊ, सोयाबीनवाले रांग लावून उभे आहेत. आई म्हणाली, "तिले चालवू दे, जमलं नाही तं पाहू." चालत होती रडतखडत. मग गेल्या दिवाळीनंतर पंपाच्या कंपनीने निरोप पाठवला. जुनं प्लास्टिक पुन्हा वापरायचा नियम आता त्यांच्याही डोक्यावर आला होता. त्यांना झाकणात निम्मं भंगार हवं होतं. भंगार म्हणजे त्यांच्याच दुसऱ्या कारखान्यात बाद झालेला स्वच्छ माल; तो कंपनीच पाठवणार, दळायचा आपण. ताकद मात्र नव्या दाण्याइतकीच हवी. जमलं तर काम आपलं, नाही तर त्यांचा साचा उचलून नागपूरला दुसऱ्या कोणाला. आणि साचा गेला की शेडमध्ये सोयाबीनची पोती येणार, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तुमच्या वेळचे ऑपरेटर काका अजून आहेत. मी त्यांना निम्म्याचं सांगितलं तर त्यांनी हातमोजे काढून ठेवले. "तुह्या बाबानं पाव सांगतलं होतं. मी निम्मं घालनार नाही. तुले घालायचं तं तू घाल." मग मीच घातलं. पहिली झाकणं हातानेच तुटली. दुसरी पायाखाली. काका तिथेच उभे राहून बघायचे, आणि तेच जास्त लागायचं. एकदा मी तुटलेली झाकणं उजेडात धरून बघत बसले. बऱ्याच तुकड्यांत तुटल्या जागी एक तपकिरी ठिपका होता, आणि ठिपक्यात जळका धागा. कापूस! शेजारच्या जिनिंगची रुई हंगामभर आपल्या शेडमध्ये तरंगत असते, आपल्या केसांत बसते, चहात पडते, ती चुऱ्यात पडते हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पावभर चुऱ्यात ती खपून जायची, निम्म्यात नाही. मी ग्राइंडरला मच्छरदाणी बांधली. काकांना हसू आवरलं नाही. "आता याले पाळन्यात घाल," म्हणाले.

पण नुसतं तेवढ्याने भागलं नाही. आपल्याकडे सगळा चुरा एकाच पोत्यात जायचा. एकच प्लास्टिक वितळायचं, दळलं जायचं, पुन्हा वितळायचं, किती वेळा ते देवाला ठाऊक. असं भाजून भाजून त्याचा जीव गेलेला असायचा. मी पोती वेगळी केली. एकदाच तापलेला चुरा झाकणाला, दुसऱ्यांदा तापलेला, आपण झाडांच्या कुंड्या पाडतो, त्या कामाला. ग्राइंडरची पाती धार लावून घेतली. दळताना पडणारी बारीक भुकटी मशीनमध्ये जळते, म्हणून ती काढायला आईची रव्याची चाळणी उचलून नेली. आई दोन दिवस फुगली होती. "शिरा आता तुह्या झाकनाचा कर," म्हणाली. मशीनची आच कमी केली. मग झाकणं पत्र्यावर उन्हात टाकली, आपल्या अकोल्याच्या वैशाखात, जिथे पापडसुद्धा करपतात. ती उतरवून पंपाला लावली आणि पंप माझ्या पाठीवर घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले. पाठ कोरडी. हे मी रोज केलं, बाबा. फाटकावरचा वॉचमन मला वेडी समजतो.

आज कंपनीचा इंजिनिअर आला. पोरगाच आहे, पण पक्का. मी समोर ठेवलेल्या झाकणांना त्याने हातही लावला नाही, ढिगाच्या तळातून स्वतः काढली. पाण्याने भरलेल्या पंपांना लावली आणि माळ्यावरून एकेक पंप खाली ढकलायला लागला. सिमेंटवर धाडकन आवाज व्हायचा. एका पंपाची टाकी फाटली, पाणी वाहून गेलं, झाकण तसंच. शेवटचा पंप पडून गडगडत काकांच्या पायाशी गेला. इंजिनिअर खाली उतरला, वहीत काहीतरी लिहून म्हणाला, "मॅडम, साचा इथंच राहू द्या."

काका वाकले. त्यांनी झाकण उघडलं, फिरवून पाहिलं, नखाने कड खरवडली. मग इतक्या माणसांसमोर, मोठ्याने म्हणाले, "बाबाले नसतं जमलं हे."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की काका, असं नका म्हणू, सगळं त्यांनीच शिकवलेलं आहे. ते खरंही आहे. पाठीवरच्या त्या पाण्यावाचून मी हे झाकण केलंच नसतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं.

पण मी ते बोलले नाही. दिवसभर काकांचेच शब्द मनात घोळवत राहिले, आणि घरी येताना गाडीवर एकटीच हसले. हा कागद कुठे पाठवता येत नाही ते एका परीने बरंच आहे, कारण खरं सांगते बाबा, मला ते ऐकायला फार गोड वाटलं.