सव्वाचार

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. फोनवर तू अर्ध्यातच ठेवून देशील म्हणून लिहिते आहे. मला दोन गुन्हे कबूल करायचे आहेत. एक ताजा आहे, दुसरा बावीस वर्षं पोटात आहे, आणि दोन्ही ऐकल्यावर तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी मला खरोखर धास्ती वाटते.

ताजा आधी सांगते. गेल्या वर्षी तू माझ्या खोलीत स्पीकरसाठी फळी ठोकायला आलास, तेव्हा माइक चालू होता. तू ठोकायला लागलास आणि मी तो मुद्दाम बंद केला नाही. ठक, ठक, ठक, आणि चौथा ठोका जरा थांबून. मूळ रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून तुझं 'हां, बस, बस' हेसुद्धा आहे.

माझं काम काय, हे तुला आई सांगते तेवढंच ठाऊक, की पोरगी कम्प्युटरमधून धडधड काढते. आईचं फारसं चुकत नाही. क्लबात एक संगीत नाकासमोर धावतं, दुसरं अडखळत उड्या मारतं, आणि दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी ठेक्याच्या जोरावर त्यांची सोयरीक जमवते. या नव्या गाण्यातली काही केल्या जमत नव्हती. मग तुझी हातोडी मध्ये घातली आणि दोन्हीकडची मंडळी एकाच फरशीवर नाचायला लागली. चौथ्या ठोक्याला सगळ्यांचा एक पाय हवेत असतो. पुढे मी जास्तीचा शहाणपणा केला. तुझा उशीर मोजून कम्प्युटरला शिकवला, तर माणसं बसायला खुर्च्या शोधू लागली. कारण तू सारखा उशीर करत नाहीस. खिळा वाकला की चिडून लवकर मारतोस, फळी सरळ आहे का बघताना अगदीच रेंगाळतोस. ते यंत्राच्या बापाला जमायचं नाही.

आणि परवा तू फोनवर काय म्हणालास? तुझ्या वहिनीच्या मोबाइलवर नवीन गाणं ऐकलं, बाकी ठीक आहे, पण तो ढोलवाला काढून टाक, दर वेळी मागे पडतो. मी तोंडात रुमालाचा बोळा कोंबून ऐकत होते, दादा.

आता जुना गुन्हा. शाळेच्या संचलनात मोठा ढोल तुझ्या गळ्यात होता आणि मी तिसऱ्या रांगेत. तुझा चौथा ठोका वेळेवर आला नाही. पहिली रांग थांबली, दुसरी थांबली नाही, आणि मुख्याध्यापिका टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून शाळाभर तुझं नाव 'सव्वाचार' पडलं. ते कवायतीच्या सरांनी ठेवलं असं तू धरून चाललास. अजून ते दिसले की रस्ता बदलतोस. मागे तर घाईत शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात शिरून डझनभर बटणं घेऊन आलास.

ते नाव मी ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत, मैत्रिणींना हसवायला. त्या संध्याकाळी तू ढोल परत करून आलास आणि जेवला नाहीस, आणि तुझा वाटासुद्धा मीच खाल्ला. नऊ वर्षांची होते म्हणून सुटका नाही. मला त्याची लाज वाटते.

आता गाण्याची तबकडी निघते आहे. वेष्टनावर 'तालवाद्य' या शब्दापुढची जागा कोरी ठेवली आहे. तिथे तुझं नाव छापायचंय, बाबांच्या नावासकट पूर्ण. आणि पुढच्या महिन्यात दुपारचा कार्यक्रम आहे, तिथे फळी, खिळे आणि हातोडी घेऊन तू माझ्या शेजारी उभा हवास. कवायतीच्या सरांना बोलावलंय. त्यांना मी खरं सांगितलं, तर म्हणाले, तरीच हा मुलगा मला बघितलं की बटणं विकत घेतो! छपाई गुरुवारी आहे. तू शुक्रवारी कळवलंस तरी मी ती अडवून धरीन. तुझ्यासाठी एक पाय हवेत धरून थांबायची आता पुष्कळांना सवय झाली आहे, मीही थांबते.

तुझीच,
तिसऱ्या रांगेतली धाकटी