तू 'हो' म्हटलं नव्हतंस

९ जानेवारी, रविवार दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढणं बंद, आणि तुझ्यावर ओरडणंही जरा कमी.

तुझी लेक गेले तीन आठवडे माझ्याकडे क्रिकेट शिकायला येतेय. शर्टाची कॉलर चावत उभी राहते, अगदी तुझी सवय. दुपार कलली की जाळीच्या सावलीचे चौकोन तिच्या पांढऱ्या कपड्यांवर हलतात आणि मला मध्येच कळेनासं होतं, समोर ती आहे की तू. मग मी उगाच हेल्मेटचा पट्टा घट्ट कर, पॅड नीट बांध, अशी कटकट करत राहते. पोरी माझ्या माघारी मला हेल्मेटबाई म्हणतात. म्हणू देत.

माझा नियम सगळ्यांना पाठ आहे: बॅटिंग करणारी 'हो' म्हणाल्याशिवाय चेंडू हातातून सुटायचा नाही. बाकीच्यांना मी सीझन बॉल टाकते. हिला मात्र अजून टेनिसचाच. परवा वैतागली. "आत्या, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं, जड चेंडूनं हात दुखतो माझा. थाप होती.

अजूनही तो चेंडू स्वप्नात येतो, दादा. सुटलेला असतो, पण पोचत नाही. तुझ्यामाझ्यामध्ये हळूहळू गिरक्या घेत राहतो, शिवणसुद्धा दिसते. तू खाली वाकून बुटाची नाडी बांधत असतोस. मी हाका मारते, पण आवाजच फुटत नाही.

तेव्हा आपल्याकडे हेल्मेट कुठलं! दवाखान्यात बाबांना तू सांगितलंस, "मीच हो म्हणालो, आणि मग मीच खाली बघितलं." डोळ्यावर पट्टी, तरी माझ्यासाठी खोटं बोललास. मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. एकोणीस वर्षं गप्प आहे.

तू 'हो' म्हटलं नव्हतंस. मला घाई झाली होती, बस्स. तुझा डावा डोळा माझ्या घाईनं गेला. मला माफ कर.

काल तुझ्या लेकीला विचारलं, घराजवळ एवढे कोच असताना बाबांनी तुला इतक्या लांब का धाडलं? कॉलर चावतच म्हणाली, "बाबा म्हणाले, आत्या 'हो' ऐकल्याशिवाय चेंडू टाकणारच नाही." मी चष्मा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

शनिवारी तिला सीझन बॉल टाकीन म्हणते. तू ये, जाळीमागे उभा राहा. ती 'हो' म्हणेलच, तिला कुठला दम धरवतोय! पण त्याआधी मला तुझं ऐकायचंय.

तोवर चेंडू हातातच धरून बसलेली,
तुझी भिंगरी