साडूविरुद्ध पाचशे पोस्टकार्डं

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. युद्धाच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

वस्तुस्थिती अशी. माझी लाँड्री. ड्रायक्लीनिंग, स्टीम प्रेस, रफू. सतरा वर्षं. त्यातली अकरा वर्षं माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझ्याकडे मागच्या खोलीत कामाला होता. डाग काढायचा, इस्त्री करायचा, बॉयलर बघायचा, मशीन चालवायचा. बाकी सगळं मी. म्हणजे काउंटर.

गेल्या वर्षी एका कोटावरून किरकोळ बोलणं झालं. साहेब तडक निघून गेले. तीन महिन्यांत समोरच्या फुटपाथवर, बरोब्बर माझ्या नाकासमोर, त्याची स्वतःची लाँड्री. रोज सकाळी शटर वर करताना आवाज मुद्दाम करतो. त्याच्याकडे रांग असते. माझ्याकडे जागा असते.

संकल्प: वर्षअखेरपर्यंत ते शटर कायमचं खाली. त्याला पाणी पाजल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

मार्ग सापडला आहे. पोस्टकार्ड.

६ मार्च, गुरुवार

पोस्टात चौकशी केली. नाव-पत्ता लागत नाही. आपण फक्त गल्ल्या निवडायच्या, गठ्ठा द्यायचा, पोस्टमन त्या गल्ल्यांतल्या प्रत्येक घरी एकेक टाकतो. पाचशे घरं. पाचशे बाण!

पहिल्या कार्डाचा मजकूर एका बैठकीत लिहिला: ‘काही दुकानांत नवशिके लोक तुमचे कपडे जाळतात. आमच्याकडे या. सतरा वर्षांचा अनुभव.’ कुणाचं नाव नाही. कोर्टात टिकणार नाही, पण मनात टिकेल.

छापखानेवाला म्हणाला, साहेब, ठळक काय करायचं? मी म्हटलं, जे मनाला लागेल ते. मग डुलकी लागल्यासारखा मान हलवत राहिला. हुशार वाटला नाही, पण स्वस्त आहे.

१२ मार्च, बुधवार

गठ्ठा पोस्टात दिला. पोस्टमनला सांगितलं, समोरच्या दुकानात एक टाक आणि तो वाचताना चेहरा कसा झाला ते मला सांग. पोस्टमन म्हणाला, माझं काम टाकायचं, चेहरे बघायचं नाही. सरकारी वृत्ती.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी

प्रत्येक घर म्हणजे प्रत्येक घर. आमच्याही घरी एक पडलं. बायकोनं भांडी घासता घासता वाचलं आणि विचारलं, हे कुणाबद्दल? मी म्हटलं, सर्वसाधारण. ती म्हणाली, माझी बहीण पलीकडच्या गल्लीत राहते, तिच्याकडेही सर्वसाधारण पडलं असेल. मग एक पातेलं दहा मिनिटं घासत होती.

धंद्यात नाती आणू नयेत, हे तिला कधी कळणार?

१७ मार्च, सोमवार

कार्ड नीट बघितलं. छापखानेवाल्यानं माझी मनाला लागण्याची सूचना शब्दशः घेतली आहे. वरती लाल, जाड, बोटाएवढ्या अक्षरांत: ‘तुमचे कपडे जाळतात’. त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माझ्या दुकानाचं नाव आणि फोन. बाकीचा मजकूर मुंगीएवढा.

फोन तीन आले. एकानं विचारलं, जुन्या गाद्या पण जाळता का?

काळजीचं कारण नाही. नाव तोंडी झालं, हे महत्त्वाचं.

२२ मार्च, शनिवार

नेहमीच्या पाच गिऱ्हाइकांनी कपडे परत नेले. धुतलेले नव्हेत, धुवायला दिलेले. शेवटच्या बाई जाताना म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण साडी आईची आहे.

याचाही हिशोब समोरच्याच्या नावावर.

२४ मार्च, सोमवार

दुसरं कार्ड. या वेळी थेट गळा. ‘समोरच्या लाँड्रीची पावती दाखवा, आमच्याकडे निम्म्या दरात!’ त्याची गिऱ्हाइकं एकेक करून, त्याच्याच डोळ्यांदेखत, रस्ता ओलांडून माझ्याकडे येणार. मी खुर्ची दारात आणून ठेवली आहे. बघता यावं म्हणून.

बायको म्हणाली, पण पावती मिळवायला आधी त्याच्याकडे कपडे द्यावे लागतील ना? मी म्हटलं, लोक इतका खोल विचार करत नाहीत.

२९ मार्च, शनिवार

लोकांनी इतका खोल विचार केला. समोर रांग फुटपाथ सोडून रस्त्यावर. जे कधी लाँड्रीत पाय ठेवत नव्हते तेही एकेक रुमाल देऊन पावती घेत आहेत. मग रुमाल इतका छान मिळतो की बाकीचे कपडेही तिथेच देतात. माझ्याकडे चौघे आले. त्यातले दोघे त्याच्या दुकानाचा पत्ता विचारायला.

साडूनं दारातून माझ्याकडे बघून हात वर केला. आभार मानतो! इतकं उघड हिणवणं मी आयुष्यात बघितलं नाही.

आता दयामाया नाही.

३१ मार्च, सोमवार

मनात साठतं म्हणून इथे लिहून टाकतो. कोटाचं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा तपकिरी कोट. मुलीच्या लग्नात घालायचा होता. पाठीवर इस्त्री राहिली, डाग पडला. कुणीतरी इस्त्री ठेवून फोन घेतला होता. कुणी, हे आता महत्त्वाचं नाही. मी डॉक्टरांना इतकंच म्हटलं, की मागच्या खोलीत माझा साडू असतो. यात खोटं काय? तो मागच्या खोलीतच असायचा. डॉक्टर त्याला नाही नाही ते बोलले. मध्ये पडणं मला प्रशस्त वाटलं नाही.

त्यावर माणसानं दुकान सोडायचं? अकरा वर्षांची नोकरी? कृतघ्नपणा म्हणतात तो हाच.

५ एप्रिल, शनिवार

तिसरं आणि शेवटचं कार्ड गेलं. हे ब्रह्मास्त्र. ‘कोणताही डाग आणा. निघाला नाही, तर तोच कपडा नवा घेऊन देऊ.’ असं आव्हान तो देऊच शकत नाही. छातीच लागते.

बायकोनं विचारलं, डाग काढणार कोण? मी म्हटलं, मी. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल, बुधवार

यश! एकेचाळीस कपडे. दुकानात शिरायला जागा नाही. सुताराची व्हार्निश सांडलेली पँट. बेकरीवाल्याचे गंजाचे डाग पडलेले सहा कोट. शाळेच्या रंगमंचाचा पडदा, त्यावर ऑइल पेंट. एक आजी टेबलक्लॉथ घेऊन आल्या, म्हणाल्या, हा डाग माझ्या लग्नाआधीचा आहे. लोकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेले डाग माझ्यासाठी बाहेर काढले आहेत.

खुर्चीतून समोर बघितलं. साडूही माझ्याकडे बघत होता. घाबरलेला वाटला. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते इतक्या लांबून कळत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

बाजारातली जालीम पावडर आणली. डब्यावर वाघाचं चित्र आहे. व्हार्निश निघालं नाही. पँटीचा रंग निघाला.

दुपारी बॉयलरनं शिट्टी मारली आणि प्राण सोडला. मेकॅनिक म्हणाला, वर्षभर कुणी हात लावलेला नाही, दर महिन्याला साफ करायचा असतो. मी विचारलं, पूर्वी कधी बिघडत नव्हता तो? तो म्हणाला, पूर्वी कुणीतरी करत असेल.

त्यालाही साडूनंच पढवलेलं असणार. पुरावा मिळवायचा आहे.

१२ एप्रिल, शनिवार

एकेचाळीस नवे कपडे घेऊन द्यायचे म्हटलं तर दुकान विकावं लागेल. हे मी घाबरून नव्हे, नियोजन म्हणून लिहितो आहे.

बायकोनं डबा हातातून घेतला. म्हणाली, पावडर माझ्याकडे द्या आणि कपडेही. मी करते. बहिणीकडे बाथरूम मोठं आहे. मी विचारलं, तुला जमेल? ती म्हणाली, बघू.

दोन सुटकेसा भरून गेली. गल्लीतल्या लोकांना वाटलं माहेरी निघाली. तिघांनी येऊन माझं सांत्वन केलं.

१५ एप्रिल, मंगळवार

चमत्कार. गंज गेला, पेंट गेला. सुताराची पँट गेलेल्या रंगासकट परत आली, नव्यासारखी. वाघाची पावडर म्हणजे काय चीज आहे! फक्त पद्धतशीर वापरायला हवी, हे मी आधीच म्हणालो होतो. कपड्यांची घडीही सुरेख. कॉलरमध्ये पातळ कागद घालून. बायकोला हे कधीपासून येतं? सोळा वर्षं माझे शर्ट तर तारेवरून थेट कपाटात जातात.

चौथ्या कार्डाचा मजकूर सुरू केला: ‘आव्हान दिलं. पाळलं. समोर विचारा!’

१८ एप्रिल, शुक्रवार

चाळीस कपडे परत दिले. आजींनी टेबलक्लॉथ नाकाला लावून डोळे टिपले. म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे. मी म्हटलं, अनुभव.

एकेचाळिसावा कपडा आज मी प्रथमच पिशवीतून काढला. चिठ्ठी होती, ‘घाई नाही’, म्हणून ती पिशवी दुकानातच राहिली होती. तपकिरी कोट. पाठीवर इस्त्रीचा डाग. इस्त्रीच्या आकाराचा, टोकासकट.

१९ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांना बोलावून सांगितलं, हा डाग नव्हे, जळलं आहे, निघणार नाही. नवा कोट देतो.

डॉक्टर म्हणाले, कोट नको. म्हणाले, गेल्या महिन्यात सुताराची दाढ काढली. भूल चढेपर्यंत तो बोलत होता. कोट जळला त्या दिवशी तो तुमच्या मागच्या खोलीत शेल्फ ठोकत होता. फोनवर कोण होतं ते त्यानं बघितलं आहे. मी तुमच्या साडूला तुमच्या शब्दावर भर दुकानात चोर-गाढव म्हटलं. काल मी त्याची माफी मागून आलो. तुमच्याकडे कोट पाठवला, कारण तुमचं कार्ड आलं होतं. कोणताही डाग.

दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले, तुमच्या चाळीस कपड्यांचे डाग त्यानं काढले, हे तुम्हाला माहीत आहे ना?

मी म्हटलं, अर्थात.

मला माहीत नव्हतं.

बायकोला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, वाघाच्या पावडरीनं पँट गेली, तुम्ही जाऊ नये म्हणून त्याच्याकडे नेलं. तो रोज दुकान बंद करून दोन तास तुमचंच करत होता. मी विचारलं, काही बोलला का? म्हणाली, एवढंच बोलला, दादांना सांगू नका, त्यांना लागेल.

जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

२० एप्रिल, रविवार

रस्ता बारा पावलांचा आहे. मोजला. मधल्या पावलांवर तीनदा थांबलो, एकदा रिक्षावाल्यानं शिवी दिली म्हणून पुढे गेलो.

सुट्टी असून साडू आत इस्त्री करत होता. मी ठरवलेलं पूर्ण भाषण विसरलो. म्हणालो, तो कोट. तो म्हणाला, हं. मी म्हणालो, इस्त्री माझ्या हातात होती. तो म्हणाला, माहितेय.

मी म्हणालो, माहीत होतं तर तेव्हाच डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?

त्यानं इस्त्री उभी केली. म्हणाला, तुम्ही सांगाल असं वाटलं होतं, दादा. डॉक्टर गेल्यावर मी दाराशी पंधरा मिनिटं थांबलो होतो. तुम्ही पावत्या लावत होतात.

खरं आहे. लावत होतो. त्या दिवशी एकही पावती सुटी नव्हती. लावलेल्याच परत लावत होतो.

मी म्हटलं, चुकलं. एवढा लहान शब्द, पण घशातून निघताना कोटाएवढा वाटला. तो म्हणाला, बसा, चहा सांगतो. मग आम्ही चहा येईपर्यंत पंख्याकडे बघत बसलो.

जाताना म्हणाला, मला गिऱ्हाइकांशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. बॉयलर गेलाय म्हणे. काउंटरला माणूस हवाय. परवापासून. सकाळी साडेआठ.

साडेआठ! मी मालक असताना दहाला येत होतो.

२१ एप्रिल, सोमवार

रात्रभर विचार केला. जायचं ठरवलं. पण नोकर म्हणून नव्हे. शत्रूच्या गोटात आतून शिरायचं. सहा महिन्यांत सगळी गिऱ्हाइकं माझ्या बोलण्याला बांधली गेली, की मग बघू कोणाचं शटर कोण खाली करतो.

बायकोला हे सांगितलं. तिनं गजर सातचा लावला.

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.१०

आठ वीसलाच पोचलो. शत्रूला गाफील गाठायचं म्हणून.

काउंटरमागे खुंटीवर निळा ॲप्रन. घातला. बरोबर बसला, पोटावरसुद्धा. साडूला विचारलं, दोन दिवसांत माझ्या मापाचा कसा शिवून झाला?

तो म्हणाला, दोन दिवसांत नाही. माप ताईंनी मार्चमध्येच दिलं होतं.

मार्चमध्ये. पहिल्या कार्डाच्या आधी की नंतर, ते विचारलं नाही.

बाई आल्या आहेत. त्याच, आईच्या साडीच्या. माझ्याकडे बघून दारातच थांबल्यात. उठतो.