चार पदरांचा वळ

प्रिय तोलोगोन,

त्या दिवशी पहाटे मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसलो होतो आणि बुरुल झारीतून माझ्या हातांवर पाणी ओतत होती. तिची बाही कोपरापर्यंत सरकली. हातावर तीन वळ होते, लाल, फुगलेले, आणि त्यांवर वेणीची खूण इतकी स्पष्ट की मी पदर मोजले. चार. आपल्या खोऱ्यात ती तिरपी वीण मीच घालतो, आणि लग्नात तुला दिलेल्या चाबकाची वीणही तीच. तुम्ही दोघं आदल्या संध्याकाळीच आला होतात. मी लेकीला काही विचारलं नाही. नमाजाला उभा राहिलो, पण सजद्यात कपाळ टेकवूनही मला तुझा चाबूकच दिसत होता.

तू अंगणात खोगीर कसत होतास. शेजारी बघत असताना मी तुझ्या कमरेचा चाबूक ओढून घेतला आणि म्हणालो, "हा जनावरं हाकायला दिला होता. पोर इथेच राहील, तू नीघ." तू एवढंच म्हणालास, "बाबा, तिला तरी विचारा." पुरुषाच्या कमरेचा चाबूक सासऱ्याने चारचौघांत काढून घेणं म्हणजे त्याची केवढी नाचक्की, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

बुरुल रडून सांगत होती, पहाटे घोडी सोडून आणताना दोर हाताला गुंडाळला होता, त्याचे वळ आहेत. पण सासरचं उणं माहेरी सांगायचं नाही, हे पाठवणीच्या वेळी मीच तिला बजावलं होतं. म्हणून ती जितकी नाही म्हणे, तितकं मला हो ऐकू येई. दुपारच्या आत वळ गेले, तर मला वाटलं, चरबी चोळून घालवले. तिने बाह्या खाली ओढल्या की संशय, वर दुमडल्या की संशय. उमसुन, तुझी सासू, म्हणाली, "तुम्ही मेंढीच्या गळ्यात घंटा पाहूनही तिला लांडगा म्हणाल."

आठवड्याने लोकरीचा जाड नमदा करायला बायका जमल्या. ओली लोकर गुंडाळून कोपरा-मनगटाच्या जोरावर लाटायची. हात सगळ्यांचेच लाल झाले, पण बुरुलचे दोन्ही हात वळांनी भरून आले. शेजारची काल्यपा ओरडली, "इमानअली, जावई लोकरीत लपून बसलाय बघा! ओढा बाहेर!" सगळ्या हसल्या. मला वाटलं, या साऱ्या मिळून मला फसवताहेत.

लस टोचायला आलेल्या नुरझान नर्सने हा प्रकार ऐकून चमच्याच्या दांड्याने बुरुलच्या हातावर रेघ ओढली. चार-पाच मिनिटांत ती रेघ फुगून वर आली. नर्स म्हणाली, "काहींची कातडीच अशी असते. दाबलं, खाजवलं की वळ उठतो आणि तासाभरात जातो. चाबकाचा वळ काळानिळा पडतो, दिवसेंदिवस राहतो. तुम्ही वीण ओळखलीत काका, पोरीची कातडी नाही."

मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्याच चाबकाच्या मुठीने बुरुलच्या हातावर हलकेच रेघ ओढली. तिने हात पुढे केला. रेघ उठली. मी नमाज पढलो, माळ ओढली, परत आलो, तर हात कोरा. मग खुंटीवरचा घोडीचा दोर काढून उजेडात धरला. चार पदर, तीच तिरपी वीण. तोही मीच वळलेला होता.

शुक्रवारी मशिदीच्या अंगणात, सगळ्या गावासमोर मी सांगितलं की माझ्या जावयाने हात उगारला नव्हता, खोटा आळ मीच घेतला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे तोलोगोनला सांगितलंस का?" मी घरी जाऊन घोड्यावर खोगीर घातलं. हे पत्र बुरुलच्या हाती दिलं आहे. तुझ्याकडे परत यायचं तिने स्वतः ठरवलं, मी तिला सांगितलेलं नाही. चाबूक मात्र तिच्याजवळ दिला नाही. ज्या हाताने तो ओढला, त्याच हाताने, तुझ्या शेजाऱ्यांच्या देखत, मला तो तुझ्या कमरेला परत अडकवायचा आहे. मी खाली ओढ्याशी घोडा धरून उभा आहे. तू हाक मारलीस तरच वर येईन.

तुझाच अपराधी,
इमानअली