मागच्या बाकाखालचा नंबर

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४
४३१ नंबरची होडी नापास केली. बुडाला अंगठा दाबला तर आत जात होता! बाकांखाली फोम अर्धाच. पाणी शिरलं तर ही तरंगणार कशावर? मालक टेबलाशी येऊन उभे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कसला अण्णा! "गिऱ्हाईक दारात उभं आहे गं वैशाली. ठोक पट्टी." म्हटलं, नाही ठोकत. रजिस्टरात लाल शाईने 'रद्द' लिहिलं. होडी कापायला मागच्या आवारात गेली.
चौदा वर्षं बेलूरच्या या होड्या बनवायच्या शेडमध्ये हेच. होडी तपासायची, पास झाली तर मागच्या फळीवर उजवीकडे नंबरपट्टी रिव्हेटने पक्की करायची. चौदा वर्षांत 'बरं केलंस' एकदाही ऐकलं नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर
हेमावती अक्का डबा खाताना माझ्याकडे बघत नाहीत. फायबरचं काम मला त्यांनीच हात धरून शिकवलं. काय झालं विचारलं, तर म्हणे पोटात दुखतंय. बरं.

रविवार, १ डिसेंबर
टीव्हीवर आमची होडी! अळणावरच्या पुढे एका तळ्यात सहलीची माणसं घेऊन बुडाली. पाच जणांना ओढून काढलं. एक मुलगी गेली — सायली, केशवापूरची, कॉलेजात होती.
जेवण गेलं नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर
पोलीस आले. बुडालेल्या होडीवर पट्टी ४१८ ची. रजिस्टरात ४१८ पास, खाली माझी सही. अण्णा सगळ्यांदेखत — "सही हिची, पट्टी हिची. मी काय प्रत्येक होडीखाली शिरून बघू?"
अहो, ४१८ सप्टेंबरात कारवारकडे गेली! माझ्यासमोर ट्रकवर चढली. सांगितलं. "कागद दाखवा." कागद अण्णांच्या कपाटात.
पट्टीचा फोटो बघितला. रिव्हेट दोनच. मी चार मारते, नेहमी. तेही सांगितलं. कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.
घरी किरण म्हणतो, "अगं, नजरचूक झाली म्हण आणि सुट." हा माझा नवरा!

गुरुवार, ५ डिसेंबर
सायलीची आई फाटकाशी उभी होती. वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. "पास म्हणून सही तुमचीच ना?" एवढंच. मी हो म्हटलं. सही माझीच आहे. त्या होडीसाठी नव्हती, हे त्या बाईला कुठल्या तोंडाने समजावू?
संध्याकाळी अण्णांनी कामावरून काढलं.

सोमवार, ९ डिसेंबर
चार दिवस ठाण्यात तेच सांगतेय — बाक फोडा! प्रत्येक होडी साच्यात असतानाच, तपासणीच्या आधी, मागच्या बाकाखाली ओल्या रेझिनमध्ये मी दुसरी बारकी पट्टी बसवते. वर फायबरचा थर चढला की दिसत नाही. होडी चोरीला गेली, बाहेरची पट्टी उपटली, तरी ओळखता येते. गोव्याला शिकायला गेले होते तेव्हा शिकले. अण्णा हसायचे — "दोन-दोन पट्ट्या! होडीचं लग्न आहे काय?" नेमकी कुठे बसवते ते त्यांनी कधी विचारलं नाही. माझं काम कधी कुणी नीट पाहिलंच नाही.
आज इन्स्पेक्टर म्हणाले, "बघू."

बुधवार, ११ डिसेंबर
बाक फोडलं. माझ्यासमोर, अण्णांसमोर.
४३१.
इन्स्पेक्टरांनी रजिस्टर उघडलं. ४३१ — लाल शाई, रद्द. अण्णांकडे वळले. "एनरी इदु? काय हे?" अण्णांनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला, इन्स्पेक्टरांनी तो बाजूला सारला.
मला आनंद व्हायला हवा होता. त्या बाकावर कोण बसलं असेल, एवढंच मनात येत होतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर
अक्का घरी आल्या. उंबऱ्यातच रडायला लागल्या. "अण्णांनी ४१८ ची दुसरी पट्टी करून आणली. मी ठोकली गं. माझी नेत्रा त्यांच्याच ऑफिसात कामाला, तिला काढतो म्हणाले."
"मला का नाही सांगितलंत?"
"तू गप्प बसली नसतीस."
म्हणजे माझा गुन्हा हाच! पाणीसुद्धा विचारलं नाही. दार लावून घेतलं.
किरण शेजाऱ्यांना सांगतोय, "मी म्हणत होतोच, माझी बायको चुकायची नाही."

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५
इन्स्पेक्टरांचा फोन. रजिस्टर घेऊन तळ्यातळ्यावर माणसं पाठवली होती, आमच्या जुन्या होड्यांची बाकं उघडायला. चौदा वर्षांत मी सदतीस होड्या रद्द केल्या. अण्णांच्या कपाटातल्या कागदांत सदतीसही विकलेल्या, एकही कापलेली नाही. एकतीस सापडल्या. सगळ्या पाण्यात होत्या, माणसं बसवून. सहा अजून सापडायच्या आहेत.